वादळ दुबळे झाल्यावर आपल्याकडे पूर कसा येतो? नदीकाठच्या गावाने कशावर लक्ष ठेवावे?

मांजराकाठ

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या काठच्या एका गावात राहतो. शेती करतो आणि गेली काही वर्षे ग्रामपंचायतीचा सदस्यही आहे. पुढच्या ग्रामसभेत पुराच्या तयारीचा विषय आहे. त्याआधी एका गोष्टीचा उलगडा जाणकारांकडून व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

२०२१ च्या सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात ‘गुलाब’ चक्रीवादळ झाले. रविवारी, २६ सप्टेंबरला, ते आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमच्या उत्तरेला किनाऱ्यावर आले. सोमवारी बातम्यांत सांगितले गेले की, जमिनीवर आल्यावर वादळाचा जोर ओसरला आहे. कलिंगपट्टणम आमच्यापासून सरळ रेषेत जवळपास ८०० किलोमीटर लांब आहे. इतक्या लांबून येईपर्यंत त्यात काय उरणार, असे वडील म्हणाले आणि मलाही ते पटले. सोयाबीन कापून शेतातच बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, लावलेली होती. तिच्यावर ताडपत्री टाकली, कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि आम्ही घरी येऊन झोपलो.

मंगळवारी पहाटे म्हशींच्या ओरडण्याने जाग आली. गोठ्यात गुडघाभर पाणी होते. दाव्यांच्या गाठी भिजून इतक्या आवळल्या होत्या की बोटांनी त्या सुटेनात, शेवटी विळ्याने दावी कापली. दोन म्हशी वाचल्या. रेडकू मात्र अंधारात हाती लागले नाही. बनीम जागेवर नव्हतीच. पाणी उतरल्यावर तिचा थोडा भाग खालच्या बांधावरच्या बाभळींत अडकलेला सापडला, तेव्हा शेंगांमधूनच हिरवे कोंब बाहेर आले होते. या सगळ्यात झाड मोडावे असा वारा एकदाही सुटला नव्हता.

मला समजून घ्यायचे आहे ते असे, की वादळ दुबळे झाले ही बातमी खरी होती, तर मग एवढे पाणी आले कुठून? पुढच्या वेळी अशी बातमी कानावर आली, तर आमच्यासारख्या गावाने नेमके कशाकडे लक्ष द्यावे? गावात हवामानाचे ज्ञान असलेले कोणी नाही. त्यामुळे ग्रामसभेत वाचून दाखवता येईल अशा भाषेत कोणी सांगितले, तर फार उपकार होतील.

पर्जन्यमापक

दादा, मी निवृत्त भूगोल शिक्षक आहे. शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाची नोंद मी २३ वर्षे रोज सकाळी साडेआठला घेत आलो. आपला प्रश्न मी स्वतःलाही अनेकदा विचारला आहे, म्हणून थोडे लांबण लावून लिहितो.

सगळा घोटाळा ‘जोर’ या शब्दापाशी होतो. चक्रीवादळाची प्रतवारी हवामान खाते फक्त वाऱ्याच्या वेगावरून करते. ताशी ६२ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाचे सलग वारे असतील, तर ते चक्रीवादळ. ५० ते ६१ असतील तर डीप डिप्रेशन. ३१ ते ४९ असतील तर डिप्रेशन. आणि त्याखाली आले की कमी दाबाचे क्षेत्र. या उतरंडीत पावसाचा कुठेही हिशेब नाही. म्हणून वादळ दुबळे झाले ही बातमी शंभर टक्के खरी असते, पण ती वाऱ्याची बातमी असते. आपण ती पावसाची समजतो.

वारा का मंदावतो, हे सोपे आहे. समुद्राच्या कोमट पाण्याची वाफ हे वादळाचे इंधन असते. जमिनीवर आले की हे इंधन तुटते, शिवाय डोंगर, झाडे आणि घरे यांच्या घर्षणाने वाऱ्याचा वेग मोडतो. परंतु वादळाने समुद्रावरून उचलून आणलेली वाफ एका रात्रीत नाहीशी होत नाही. दुसरे असे की, सप्टेंबरात आपल्याकडे मोसमी वारे अजून चालू असतात. कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणा-विदर्भावर आले की, त्याच्या दक्षिण बाजूने अरबी समुद्रावरचे दमट वारे आत ओढले जातात आणि मूळची वाफ सरत असताना नवी भरली जाते. जमीन आधीच्या पावसाने ओली असेल तर तिच्यातूनही बाष्प वर जाते आणि अशा क्षेत्राला विझायला जास्त वेळ लागतो.

‘गुलाब’च्या बाबतीत नेमके हेच झाले. सोमवारी, २७ तारखेला, ते आधी डीप डिप्रेशन आणि मग डिप्रेशन होत तेलंगणाकडे सरकले. मंगळवारी, २८ तारखेला, त्याचे ठळक कमी दाबाचे क्षेत्र झाले आणि ते विदर्भ-मराठवाड्यावर होते. कागदावर ते एकेक पायरी उतरत होते, आणि त्याच वेळी बीड, लातूर, धाराशिव, परभणी, नांदेड, छत्रपती संभाजीनगर अशा सगळ्या भागांत नद्या पात्राबाहेर आल्या होत्या. लोकांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके आणि हेलिकॉप्टर वापरावे लागले.

आता एक गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण ती बातम्यांत क्वचितच येते. पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकणाऱ्या अशा क्षेत्राचा सर्वांत मोठा पाऊस बहुधा केंद्रावर पडत नाही. तो केंद्राच्या नैऋत्येला पडतो. नकाशावर ते लाल वर्तुळ चंद्रपूर किंवा यवतमाळवर काढलेले दिसते आणि लातूरच्या माणसाला वाटते की, हे आपल्यापासून लांब आहे. विदर्भाच्या नैऋत्येला काय आहे, हे नकाशा उघडून पाहा. तिथे आपण आहोत.

पाण्याचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशेब देतो. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी होते. दहा हजार लिटरचा टँकर मराठवाड्यात लहान मुलालाही ठाऊक आहे. रात्रभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर प्रत्येक हेक्टरवर असे शंभर टँकर ओतले गेले. आपल्या गावच्या ओढ्याचे पाणलोट ५० चौरस किलोमीटर, म्हणजे ५ हजार हेक्टर असेल, तर ५ लाख टँकर झाले. जूनमध्ये जमिनीला भेगा असतात, तेव्हा यातले पुष्कळ पाणी ती पिऊन टाकते. सप्टेंबर अखेरीस काळी माती फुगून बसलेली असते, तिच्या भेगा मिटलेल्या असतात आणि खाली कातळ असतो, म्हणून निम्म्याहून जास्त पाणी ओढ्याकडे धावले तरी नवल नाही. तोच १०० मिलिमीटर पाऊस जूनमध्ये पेरणीला उपयोगी पडतो आणि सप्टेंबर अखेरीस गोठे वाहून नेतो.

तेव्हा बातमी ऐकताना वाऱ्याचा आकडा एका कानाने ऐका. आपल्या जिल्ह्याला पावसाचा इशारा कोणता आहे, नारंगी की लाल, हे दोन्ही कानांनी ऐका. ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार, अशी हवामान खात्याची वर्गवारी आहे. वादळ किनाऱ्यावर आल्यानंतरचे ३६ ते ४८ तास आपले आहेत, असे धरून चालावे. तौक्ते वादळ १७ मे २०२१ च्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर आले. किनाऱ्यापासून इतक्या लांब असलेल्या दिल्लीत १९ तारखेला त्याच्या अवशेषांनी २४ तासांत ११९ मिलिमीटर पाऊस पाडला आणि मे महिन्याचा तोवरचा विक्रम मोडला. तेही तेव्हा वादळ राहिले नव्हते.

विसर्ग

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे आणि धरणाच्या दरवाजांवर अनेक पावसाळे काढले आहेत. सरांनी आभाळातले पाणी समजावले. मी जमिनीवर आल्यानंतरच्या पाण्याबद्दल लिहितो.

सप्टेंबर अखेरचे वादळ धरणासाठी सर्वांत अवघड असते, आणि त्याचे कारण आपल्या गरजेतच आहे. आपल्या भागात पुढचा पावसाळा येईपर्यंत सगळी भिस्त साठ्यावर असते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते कोणी विसरलेले नाही. त्यामुळे पावसाळा सरत आला की धरण पूर्ण संचय पातळीपर्यंत भरून घेतले जाते. मग अशा भरलेल्या धरणाच्या वर एका रात्रीत अतिवृष्टी झाली, तर येणारा येवा साठवायला जागाच नसते. जितके पाणी येईल तितके सोडावे लागते. २८ सप्टेंबर २०२१ ला धनेगावच्या मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडले गेले, ते यामुळेच. धरणाच्या सुरक्षिततेपुढे दुसरा पर्याय नसतो, कारण मातीच्या भिंतीवरून पाणी गेले तर जे होईल, त्याची कल्पनाही करवत नाही.

मात्र नदीकाठच्या लोकांनी केवळ धरणाच्या विसर्गावर डोळा ठेवणे पुरेसे नाही. धरणाच्या खाली जे ओढे आणि उपनद्या मिळतात, त्यांच्या पाण्यावर या धरणाचा ताबा नसतो. लहान ओढ्यांना तर कोणी अडवत नाही आणि त्यांच्या पाण्याची आगाऊ सूचना देणारा भोंगाही नसतो. मांजराच्या बाबतीत रेणा, तावरजा, घरणी, तेरणा ही नावे आपल्याला तोंडपाठ असतील. नदी दुथडी भरली की तिचा फुगवटा ओढ्यात उलटा शिरतो, ओढ्याचे पाणी नदीत उतरत नाही, आणि नदीपासून अर्धा किलोमीटर आत असलेली वस्ती ओढ्याच्या बाजूने बुडते. दादा, तुमच्या गोठ्यात पाणी नदीच्या अंगाने आले की ओढ्याच्या अंगाने, हे वडीलधाऱ्यांना विचारून नक्की करा. त्यावरून जनावरे कुठे न्यायची हे ठरेल. पुष्कळदा लोक नदीपासून दूर म्हणून ओढ्याच्या कडेला जाऊन थांबतात.

दोन गोष्टी आणखी. पहिली गावातल्या पाझर तलावाची आणि साठवण तलावाची. मोठ्या धरणावर माणसे तैनात असतात, परंतु या लहान मातीच्या बांधांकडे वादळाच्या रात्री कोणी फिरकत नाही. पाऊस येण्याआधी सांडव्यातला झाडोरा आणि गाळ काढून घ्या. पाऊस चालू असताना बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरत असेल, तर त्याचा रंग पाहा. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर ते नेहमीचे आहे. ते गढूळ होऊ लागले, तर बांधाची माती आतून वाहू लागली आहे. अशा वेळी दुरुस्तीचा विचार न करता खालची वस्ती ताबडतोब हलवावी आणि तहसील कार्यालयाला कळवावे. दुसरी गोष्ट कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची. परतीच्या पावसाचे पाणी धरायचे म्हणून काही ठिकाणी बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, लवकर घातले जातात. मग पूर आला की बर्ग्यांत काडीकचरा अडकतो, नदी बंधाऱ्याला वळसा घालते आणि काठाची चांगली जमीन एका रात्रीत पात्रात जाते. वादळ उपसागरात असतानाच बर्ग्यांची चौकशी करा. पाणी चढल्यावर ते निघत नाहीत.

ग्रामसभेत निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशाही मागा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. २०२१ चे पाणी कुठवर आले होते, ते गावाला आठवते आहे तोवर भिंतींवर रंगाने खूण करून ठेवा.

पैनगंगेची लेक

मी उमरखेड तालुक्यातली आहे आणि प्राथमिक शाळेत शिकवते. वरची दोन्ही उत्तरे वाचून फार बरे वाटले. तरी एक गोष्ट राहिली आहे, म्हणून लिहिते.

त्याच २८ सप्टेंबरला आमच्या तालुक्यात दहागावच्या पुलावर एसटी बस पाण्यात वाहून गेली आणि माणसे दगावली. तो दिवस मी विसरू शकत नाही. अशा पुरात माणसे अनेकदा घरात नव्हे, रस्त्यावर जीव गमावतात. रोजचा पूल, रोजची वाट आणि पलीकडचा कठडा डोळ्यांना दिसत असतो, म्हणून पाणी किती आहे याचा अंदाज आपण पलीकडच्या कठड्यावरून बांधतो. गढूळ पाण्याखाली डांबर शिल्लक आहे की भराव खचून गेला आहे, हे मात्र कुणालाच दिसत नाही. आमच्याकडच्या फरशी पुलांना आणि नळकांडी पुलांना कठडेही नसतात. तिथे तर वाट कुठे संपते तेही कळत नाही.

वर्गात मी मुलांना हे असे सांगते: एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि वाहते पाणी हे वजन घेऊन अंगावर येत असते. वीतभर खोल वेगवान पाण्यात मोठ्या माणसाचे पाय सुटू शकतात. फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगायला लागते आणि दोन फुटांत बहुतेक वाहने वाहून जातात. ट्रॅक्टर जड असतो म्हणून जातो, हा समज सर्वांत घातक आहे, कारण ट्रॉलीत माणसे बसलेली असतात आणि ट्रॉली आधी सरकते.

आणखी एक म्हणजे, पाऊस थांबल्यावरच पुलावर जास्त धोका असतो. सकाळी ऊन पडते, लोक म्हणतात आता उघडले, आणि दवाखान्याच्या, दुधाच्या किंवा शाळेच्या कामाने निघतात. वरच्या पाणलोटातले पाणी मात्र तेव्हा कुठे आपल्यापर्यंत पोहोचत असते. त्यामुळे पुलाच्या दोन्ही टोकांना आडवा दोर बांधून माणूस उभा करायची जबाबदारी कोणाची, हे ग्रामसभेत नावानिशी ठरवून घ्या. गरोदर बायका, डायलिसिसचे रुग्ण आणि बाळंतिणी यांना आदल्या दिवशीच तालुक्याच्या बाजूला पोहोचवा. २०२१ ला आमच्या वाडीतली एक बाई रात्रभर कळा सोसत राहिली, कारण दोन्ही बाजूंचे ओढे भरले होते. सुदैवाने एक जुनी सुईण वाडीत होती.

जुन्नरकर

सरांचा मान राखून एक दुरुस्ती सुचवतो. वाऱ्याचा आकडा एका कानाने ऐका, हे मराठवाड्यासाठी ठीक असेल, कारण तिथे वादळ ८०० किलोमीटर जमीन तुडवून येते. आमचा जुन्नर-आंबेगावचा पट्टा कोकण किनाऱ्यापासून फार लांब नाही. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ दुपारी श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्याला लागले, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. ते दुबळे होत होत घाट चढून पुणे जिल्ह्यात आले आणि तरीही मावळ, खेड, जुन्नर भागातल्या पॉलिहाऊसचे कागद फाटून सांगाडे वाकले. माझ्या स्वतःच्या वीस गुंठ्यांवरच्या जरबेराच्या पॉलिहाऊसचे खांब काँक्रीटच्या पायासकट उपटून आले होते.

पत्र्याच्या घरांबद्दल विशेष सांगायचे आहे. पत्रे उडू नयेत म्हणून आपण त्यांवर दगड ठेवतो. वारा पत्र्याच्या खाली शिरला की पत्रा जातोच, आणि दगड खाली झोपलेल्या माणसांवर पडतात. दगड उतरवून ठेवा आणि पत्रे हूक-बोल्टने किंवा तारेने वाशांना बांधून घ्या. कुटुंबाला त्या रात्री शाळेत किंवा समाजमंदिरात झोपवा. जमीन चिंब असताना ताशी ४०-५० किलोमीटरचा वाराही मोठे झाड मुळासकट आडवे करतो, कारण मुळांना धरून ठेवणारी माती चिखल झालेली असते. ते झाड विजेच्या तारांवर पडते, तार कुंपणाला लागते, आणि सकाळी कुंपण बाजूला करायला गेलेला माणूस परत येत नाही. खाली पडलेली तार बंद आहे, असे कधीही गृहीत धरू नये. पाण्यात बुडालेल्या मोटारीच्या पेटीला वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत हात लावू नये. विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे अ‍ॅप गावातल्या चार-पाच जणांच्या फोनवर तरी असावे.

पर्जन्यमापक

जुन्नरकर, आपली दुरुस्ती मी मनापासून मान्य करतो. किनारा जितका जवळ, तितका वाऱ्याचा भाग मोठा. मी मराठवाड्याच्या अनुभवातून लिहिले आणि ‘एका कानाने’ हा शब्दप्रयोग सैल झाला. ग्रामसभेत वाचून दाखवताना दादांनी ते वाक्य वगळावे.

मस्कतवासी

मूळ गाव माझे अंबाजोगाई. गेली बारा वर्षे ओमानमध्ये नोकरीला आहे. तुमच्या चर्चेत मला एकच भर घालायची आहे, कारण तेच वादळ मी आठवड्याभरात दोनदा अनुभवले.

मंगळवारी रात्री मी गावी फोन केला, तेव्हा आई म्हणाली की घरासमोरचा रस्ता दिसत नाही. तो कमी दाब पुढे गुजरातवरून अरबी समुद्रात उतरला, समुद्रावर त्याला पुन्हा बळ मिळाले आणि १ ऑक्टोबरला त्याचे नवे चक्रीवादळ झाले. जमिनीवर त्याची वादळ म्हणून ओळख संपलेली होती, म्हणून यादीतले पुढचे नाव त्याला मिळाले आणि ‘गुलाब’चे ‘शाहीन’ झाले. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर आले. अल खाबुरा, सुवैक या भागांत कोरड्या वाद्या, म्हणजे वर्षभर वाळू असलेले ओढे, नद्यांसारखे वाहिले आणि घरे चिखलाने भरली. माझ्या कंपनीतले कामगार तिथे साफसफाईला गेले होते. ते सांगत होते की, स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर चिखल होता आणि भांडी जागच्या जागी रुतून बसली होती.

वादळ विरले, असे हवामान खात्याने स्वतः सांगेपर्यंत त्याचा पाठपुरावा सोडू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

मांजराकाठ

आपण सर्वांनी इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. वडिलांना सगळे वाचून दाखवले. विसर्गसाहेबांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी लगेच दिले: पाणी ओढ्याच्या अंगाने आले होते. नदी तर आमच्या गोठ्यापासून बरीच लांब आहे. आजवर आम्ही जनावरे हलवायची ती ओढ्याकडच्या माळावर, असेच ठरवून बसलो होतो. ते आता बदलत आहोत. गावाच्या वरच्या अंगाला शाळेचे मैदान आहे, तिथे खुंट रोवून ठेवणार आहोत आणि दाव्यांना सरकगाठ मारायची, म्हणजे अंधारात एका ओढीने सुटेल, असेही घरोघर सांगणार आहोत.

ताईंचे पुलाबद्दलचे म्हणणे तर ठरावातच घेतो आहे. दोन्ही टोकांची नावे सभेत ठरतील.

एक शंका उरली आहे. आमच्या महसूल मंडळाचे पर्जन्यमापक अकरा किलोमीटरवर आहे आणि त्याचा आकडा आम्हाला दुसऱ्या दिवशी कळतो. रात्री आमच्याच शिवारात किती पाऊस झाला, हे तेव्हाच्या तेव्हा कळायला काही साधन आहे का? आणि नुकसानीची नोंद लवकर करायची असते, असे ऐकतो. त्याबद्दलही कोणी सांगावे.

पर्जन्यमापक

साधन घरात आहे. सरळ उभ्या कडांचा, तोंड आणि तळ एकसारखा रुंद असलेला पत्र्याचा डबा घ्या. तो अंगणात उघड्यावर, झाडापासून आणि वळचणीपासून दूर, विटांच्या आधाराने सरळ उभा करा. त्यात जितके मिलिमीटर पाणी साचेल, तितका पाऊस. डबा लहान असो वा मोठा, आकडा बदलत नाही. शाळेतली मोजपट्टी पुरे. संध्याकाळी रिकामा करा आणि दर दोन तासांनी मोजा. महसूल खाते २४ तासांत ६५ मिलिमीटर पावसाला अतिवृष्टी म्हणते. आपल्या डब्यात तेवढे पाणी मध्यरात्रीच्या आत दिसले आणि पाऊस थांबत नसला, तर माझ्या मते जनावरे हलवायला सकाळची वाट पाहू नये. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे डब्याशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवा.

नुकसानीबद्दल: २०२१ ला पीक विम्याची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागत होती. विम्याचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून यंदाचा नियम कृषी सहायकांकडून आताच विचारून घ्या. पाणी शेतात असतानाच फोटो काढा. मेलेल्या जनावराच्या कानातला बिल्ला फोटोत स्पष्ट दिसला पाहिजे, आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांची नोंद होईपर्यंत ते पुरू नका. त्या वर्षी राज्य सरकारने ऑक्टोबरात १० हजार कोटींचे साहाय्य जाहीर केले. जिरायतीला हेक्टरी १० हजार, बागायतीला १५ हजार आणि बहुवार्षिक पिकांना २५ हजार, तेही दोन हेक्टरांपर्यंत, असे दर होते. पंचनाम्यात ज्यांचे नाव राहिले, त्यांना पुढे किती खेटे घालावे लागले, ते मी आमच्या गावात पाहिले आहे.

केजकर

मांजराकाठ दादा, आमचे गाव धरणाच्या वर, केज तालुक्यात नदीला लागून आहे. आमच्या पुलाच्या खांबावर पाणी चढले की मी तुम्हाला कळवीत जाईन. मध्ये धरण असल्याने त्यावरून तुमच्याकडच्या पाण्याची वेळ सांगता येणार नाही, परंतु वर पाऊस किती मोठा आहे, हे तरी तुम्हाला आधी समजेल. तुम्हीही तुमच्या खालच्या, निलंग्याकडच्या एखाद्या गावाशी असेच बोलून ठेवा. मी उद्या खांबावर फुटाफुटावर रंगाच्या रेघा मारून घेतो.